कोचच्या यादीत नाव हवं

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, कॉलेजच्या प्रवेशात क्रीडा कोटा असतो, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. महाराष्ट्रातल्या पालकांना खेळाचा शिक्षणातला उपयोग माहीत आहे तो असा. स्पर्धा जिंकली, प्रमाणपत्र मिळालं, फायलीत लावलं, अर्जाला जोडलं की त्याचं ठरलेलं वजन पडतं. म्हणून मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवायचा विचार सुरू झाला की पहिला प्रश्न येतो, "राज्य पातळीपर्यंत खेळलाय, हार्वर्डला त्याचा किती फायदा होईल?"

प्रमाणपत्राचा फायदा फारच थोडा. पण त्याच विद्यापीठात खेळामुळे प्रवेशाची शक्यता जेवढी वाढू शकते, तेवढी दुसऱ्या कशानंही वाढत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजून घेतल्याशिवाय कुठल्याही पालकानं या वाटेवर रुपया खर्च करू नये आणि मुलाची पहाटेची झोपही मोडू नये.

आधी आकडे पाहू. हार्वर्डवर 2014 मध्ये वंशाधारित प्रवेशावरून खटला भरला गेला आणि 2018 मध्ये तो चालला, तेव्हा एरवी कुलूपबंद असणारी प्रवेशाची आकडेवारी कोर्टात आली. कोचनी निवडलेल्या, म्हणजे 'रिक्रूट' केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के मुलांना प्रवेश मिळत होता. बाकीच्या अर्जदारांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. एकूण अर्जांत हे खेळाडू एक टक्काही नव्हते, पण प्रवेश मिळालेल्यांत ते दहा टक्क्यांहून जास्त होते. त्याआधी 2004 मध्ये प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ थॉमस एस्पेनशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता, की निवडक विद्यापीठांत खेळाडू असण्याचा फायदा एसएटी या प्रवेशपरीक्षेत 1600 पैकी सुमारे 200 गुण जास्त असण्याइतका आहे. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करणं बंद केलं. खेळाडूंच्या भरतीला त्या निकालानं हात लावला नाही.

86 टक्के हा आकडा वाचून पालक हुरळून जातात, आणि इथेच गफलत होते. चांगलं खेळणाऱ्या मुलाला प्रवेश मिळण्याची ही शक्यता नव्हे. ज्याला कोचनं आधीच निवडलं, ज्याचे गुण प्रवेश कार्यालयानं आधीच तपासून हरकत नाही असं सांगितलं, आणि ज्याला नंतर अर्ज भरायला सांगितलं, त्याची ही शक्यता आहे. खरी चाळणी अर्ज भरण्याच्या चार-सहा महिने आधीच लागून गेलेली असते. त्या चाळणीतून गळालेली शेकडो मुलं या आकड्यात दिसतच नाहीत.

हार्वर्डमध्ये प्रत्येक अर्जाला अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी वेगवेगळी श्रेणी देतात, आणि 1 ही सर्वांत वरची. खेळात 1 मिळणं म्हणजे व्यवहारात कोचला हवा असलेला खेळाडू. शाळेच्या संघाचा कर्णधार, जिल्हा आणि राज्य गाजवलेला मुलगा बहुधा 2 वर येतो. त्याला थोडी मदत होते, पण ती नाटक करणाऱ्या, वादविवाद जिंकणाऱ्या, सतार वाजवणाऱ्या मुलांना होते त्याच जातीची. 1 आणि 2 मध्ये गुणवत्तेचा फरक असतोच. पण त्याहून मोठा फरक असा, की पहिल्याच्या मागे विद्यापीठाच्या आतला एक माणूस उभा आहे. त्या माणसाला पुढच्या हंगामात सामने जिंकायचे आहेत. त्याचा संबंध पदकांशी नाही, संघातल्या रिकाम्या जागेशी आहे.

ही रिकामी जागा म्हणजे काय, ते स्क्वॉशवरून चांगलं दिसतं. मुंबईतल्या क्लबांमधून खेळणाऱ्या मुलांना हा मार्ग बराच ओळखीचा झाला आहे. अमेरिकी विद्यापीठांच्या स्क्वॉश लढतीत प्रत्येक संघाचे नऊ जण उतरतात आणि नऊ सामने होतात. कोचकडे आज नऊ जण आहेत, त्यातले तिघं यंदा पदवी घेऊन जाणार, आणि त्या तिघांतले दोघं पहिल्या चारांत खेळत होते. म्हणजे त्याला पुढच्या वर्षी वरच्या फळीत खेळू शकतील अशी दोन मुलं हवीत. ती त्याला मुंबईत मिळतील, कैरोत मिळतील किंवा फिलाडेल्फियात. दुसऱ्या विद्यापीठात त्याच वर्षी कुणीच जात नसेल, तर तिथे तुमची मुलगी कितीही चांगली खेळली तरी कोच हळहळून नाही म्हणेल. म्हणूनच एकाच खेळाडूला एका नामांकित विद्यापीठाकडून बोलावणं येतं आणि त्याहून थोड्या कमी नावाच्या विद्यापीठाकडून साधं उत्तरही येत नाही. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. संघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडू कितव्या वर्षात आहे ते लिहिलेलं असतं. कोचला पत्र पाठवण्याआधी ती यादी उघडून कोण कधी जाणार आहे, हे अर्धा तास बसून पाहावं.

स्क्वॉशमध्ये भारतीय मुलांना संधी मिळते याचं कारण हा खेळ अमेरिकेत मोजक्या शाळांपुरता राहिलेला आहे आणि जगात बऱ्याच ठिकाणी त्याहून चांगला खेळला जातो. कनेक्टिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजनं परदेशी खेळाडूंच्या बळावर 1998 ते 2012 या काळात सलग 252 लढती जिंकल्या होत्या. कोलकात्याचा रमित टंडन आणि तमिळनाडूचा वेलवन सेंथिलकुमार, दोघंही कोलंबिया विद्यापीठातून शिकून व्यावसायिक स्क्वॉशकडे गेले.

आता आपल्याकडच्या खेळांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, मल्लखांब, बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि कॅरम यांतला एकही खेळ एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या स्पर्धांत नाही. क्रिकेट अनेक विद्यापीठांत खेळतात, पण विद्यार्थ्यांचा क्लब म्हणून. त्या क्लबला कोचची जागा नाही, यादी नाही, प्रवेश कार्यालयात कुणी शब्द टाकणारा नाही. मुलगा सोळा वर्षांखालील मुंबईच्या संघात असेल तर ती मोठीच गोष्ट आहे, अर्जात ती ठळक दिसावी. पण ती 2 च्या रांगेतली, 1 च्या नव्हे. बुद्धिबळासाठी डॅलसच्या टेक्सास विद्यापीठासारख्या काही ठिकाणी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत, ती वेगळी वाट आहे.

टेनिस, जलतरण, मैदानी स्पर्धा, गोल्फ, तलवारबाजी, रोइंग आणि रायफल नेमबाजी या खेळांत मात्र दार उघडं आहे. स्वप्नील कुसळेच्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकानं रायफलकडे वळलेल्या मुलांनी लक्षात ठेवावं की एनसीएएमध्ये रायफल आहे, पिस्तूल नाही, आणि बळकट संघ वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, टेक्सास ख्रिश्चन अशा विद्यापीठांत आहेत. टेनिसमध्ये तर आपल्याकडची ठळक उदाहरणं आहेत. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये होता. त्याआधी सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 ही दोन्ही वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं.

मुलाची पातळी खरोखर काय आहे, हे ठरवताना घरच्यांचं प्रेम आड येतं. मोजता येणाऱ्या खेळात हे प्रेम बाजूला ठेवणं सोपं. जलतरणात वेळ पाहावी, रोइंगमध्ये दोन हजार मीटरची यंत्रावरची वेळ, टेनिसमध्ये यूटीआर हे मानांकन, गोल्फमध्ये स्पर्धेतली सरासरी. तुमच्या मनातल्या विद्यापीठाच्या गेल्या हंगामातल्या निकालांची पानं उघडावीत आणि संघातल्या पहिल्या नव्हे, मधल्या खेळाडूंची कामगिरी आपल्या मुलाच्या शेजारी लिहावी. जलतरणात एक गोष्ट विसरू नये. तिथल्या महाविद्यालयीन शर्यती 25 यार्डांच्या तलावात होतात, आणि बालेवाडीत आपली मुलं पोहतात तो तलाव 50 मीटरचा. आकडे थेट शेजारी ठेवले तर आपला मुलगा फारच मागे दिसेल. रूपांतराची कोष्टकं सहज मिळतात, ती वापरावीत. कोचना दोन्ही भाषा समजतात. पत्रात मात्र तलाव कोणता ते लिहिलंच पाहिजे.

विद्यापीठांचे प्रकारही सारखे नाहीत. स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, राइस, व्हँडरबिल्ट ही एनसीएएच्या 'डिव्हिजन एक' या गटाची, अभ्यासातही कडक आणि खेळासाठी शिष्यवृत्ती देणारी. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ विद्यापीठांची आयव्ही लीगही डिव्हिजन एकमध्येच आहे, पण 1954 च्या करारापासून ती खेळासाठी एक डॉलरही देत नाही. तिथे मिळते ती प्रवेशातली मदत. 'डिव्हिजन तीन'मध्ये खेळाची शिष्यवृत्ती कुणालाच देता येत नाही, आणि तरीही प्रवेशाच्या दृष्टीनं तीच आपल्या पालकांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी जागा आहे. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडन, मिडलबरी ही लहान महाविद्यालयं; शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, एमोरी ही मोठी विद्यापीठं. विल्यम्समध्ये सगळी मिळून दोन हजारांच्या आसपास मुलं शिकतात, आणि संघ मात्र तीसहून अधिक. साहजिकच तिथल्या दर तीन विद्यार्थ्यांत एक तरी कुठल्या ना कुठल्या संघात असतो. मिशिगनसारख्या प्रचंड सरकारी विद्यापीठात टीव्हीवर दिसणारं फुटबॉल कितीही भव्य असलं, तरी एकूण विद्यार्थ्यांत खेळाडू अगदी थोडे. खेळाचा प्रवेशावर सर्वांत खोल परिणाम होतो तो या लहान, शांत, डोंगरातल्या कॉलेजांत. राष्ट्रीय पातळीच्या थोडं खाली असलेल्या, पण अभ्यासात भक्कम अशा मुलीसाठी मी तरी पहिली यादी इथूनच सुरू करीन.

एमआयटी आणि कॅलटेक यांच्याकडून मात्र फार आशा धरू नये. तिथले कोच आपल्याला कोण हवं ते सांगू शकतात, पण त्यांच्या हातात राखीव जागा नसतात, आणि कोच आवर्जून मागत असूनही नकार मिळालेली मुलं दरवर्षी असतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा तर प्रश्नच नाही. बोट रेस कितीही गाजो, तिथे प्रवेश विषयाचे प्राध्यापक देतात आणि वल्ही मारण्याचं कौतुक त्यांना प्रवेशानंतर.

अभ्यासाचं काय? "खेळाडू आहे म्हणजे गुण चालतील" ही समजूत निवडक विद्यापीठांपुरती तरी मनातून काढून टाकावी. आयव्ही लीगमध्ये 'ॲकॅडेमिक इंडेक्स' नावाचा हिशेब असतो. शाळेचे गुण आणि परीक्षेचे गुण मिळून प्रत्येक खेळाडूचा एक आकडा काढतात, आणि भरती केलेल्या खेळाडूंची सरासरी विद्यापीठातल्या इतर विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून फार खाली जाऊ देत नाहीत. याचा एक परिणाम आपल्या मुलांच्या पथ्यावर पडतो. एखाद्या कोचला अप्रतिम खेळणारा पण गुणांत थोडा कमी मुलगा घ्यायचा असेल, तर सरासरी सावरायला त्याला भरपूर गुण असलेला, बऱ्यापैकी खेळणारा दुसरा मुलगा लागतो. एसएटीला 1550 मिळवणारी आणि संघात सातव्या-आठव्या जागेवर खेळू शकणारी मुलगी अशा कोचला मनापासून हवी असते. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॉर्नेल यांनी कोविडच्या काळात ऐच्छिक केलेली ही परीक्षा आता पुन्हा सक्तीची केली आहे, तेव्हा ती टाळण्यात अर्थ नाही.

आता वेळापत्रक. आपल्या शिक्षणपद्धतीशी त्याची टक्कर कुठे होते ते नीट बघावं. अमेरिकी विद्यापीठ नववी ते बारावी ही चारही वर्षं पाहतं. डिव्हिजन एकमध्ये खेळायला एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी लागते, आणि 16 मुख्य विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण झालेले असावे लागतात. बहुतेक खेळांत डिव्हिजन एकच्या कोचना मुलाशी थेट बोलायची परवानगी मिळते ती दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनला. त्याआधी मुलानं पत्र पाठवलं तर चालतं, कोच उत्तर देऊ शकत नाही. हे माहीत नसल्यानं नववीतली मुलं "कुणी विचारतच नाही" म्हणून खचतात. डिव्हिजन तीनच्या कोचवर असं बंधन नाही.

मग येते अकरावी संपल्यावरची 1 जुलै. या तारखेपासून आयव्हीचे आणि इतर बरेच कोच 'प्री-रीड' करून घेतात, म्हणजे मुलाच्या गुणपत्रिका आणि एसएटीचा निकाल प्रवेश कार्यालयाकडे पाठवून "याला पुढे न्यायचं का?" असं विचारतात. त्या दिवशी तुमच्या हातात सर्वांत ताजे गुण असतात अकरावीचे. आणि महाराष्ट्रात अकरावी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीचा ताण उतरवायचं वर्ष. क्लासवाल्यांनी गाठ बांधून दिलेलं एखादं कॉलेज, जिथे हजेरी कागदावर लागते आणि वार्षिक परीक्षा उरकली जाते. जेईई-नीटच्या मुलांना ते चालून जातं. इथे तेच वर्ष गळ्याशी येतं. दहावीला 96 टक्के आणि अकरावीला 71 अशी गुणपत्रिका पाहून कोच किती का आग्रही असेना, प्रवेश कार्यालय थांबा म्हणतं. ज्या घरात ही वाट धरायची आहे त्या घरानं अकरावीला नियमित वर्ग घेणारं, खऱ्या चाचण्या घेणारं आणि सविस्तर गुणपत्रिका देणारं कनिष्ठ महाविद्यालय निवडावं. सामन्यांच्या प्रवासासाठी हजेरीची सवलत आधीच लेखी मागून ठेवावी. या लेखातली एकच गोष्ट पाळायची झाली, तर ही पाळा.

कोचला पत्र मुलानं लिहावं. बाबांनी नाही, आईनं नाही, सल्लागारानं तर नाहीच. आपल्याकडे घरातलं मोठं माणूस पुढे होऊन बोलतं, त्यात माया असते. पण त्या कोचला चार वर्षं या मुलाबरोबर काढायची आहेत, आणि मुलगा स्वतःचं काम स्वतः करतो का हेच तो पाहत असतो. पत्राच्या विषयाच्या ओळीत नाव, शाळा संपण्याचं वर्ष, खेळाचा प्रकार आणि सर्वांत चांगली कामगिरी एवढं यावं. आत चार-पाच ओळी पुरतात: कुठे शिकतो, गुण किती, एसएटी झाली का, पुढच्या तीन स्पर्धा कुठे आणि कधी, आणि हेच विद्यापीठ का. सोबत चित्रफितीचा दुवा. त्या चित्रफितीत संगीत नको, संथ गतीतले फटके नकोत, पदक घेतानाचे फोटो नकोत. टेनिस-स्क्वॉशचा सलग खेळलेला पूर्ण गेम असावा, त्यात चुकलेले फटकेही असू द्यावेत. चूक झाल्यावर पुढच्या गुणाला मुलगा कसा उभा राहतो, हे पाहायला कोच उत्सुक असतात. उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी नवा निकाल कळवून पुन्हा लिहावं. आणि विद्यापीठाच्या उन्हाळी शिबिराचं छापील आमंत्रण आलं तर ते निवडीचं लक्षण समजू नये. अशी आमंत्रणं ढिगानं जातात.

संवाद पुढे सरकला की एक दिवस कोच म्हणतो, "तू आमच्याकडे यावंस असं मला वाटतं." घरात पेढे वाटले जातात ते याच दिवशी, आणि खरं तर हीच वेळ बारकाईनं प्रश्न विचारायची असते. कोचनं तोंडी शब्द दिला म्हणजे सुपारी फुटली असं नव्हे. मुलानं नम्रपणे, पण स्पष्ट विचारावं: माझा प्री-रीड झाला का, आणि प्रवेश कार्यालय काय म्हणालं? तुमच्या राखीव पाठिंब्याची एक जागा तुम्ही माझ्यासाठी वापरणार आहात, की फक्त शिफारस करणार आहात? तुमचा पूर्ण पाठिंबा असलेली मुलं गेल्या काही वर्षांत नाकारली गेली आहेत का? प्रामाणिक कोच या तिन्हींची सरळ उत्तरं देतो. गुळमुळीत उत्तर म्हणजे बहुधा तुमचं नाव यादीत दुसऱ्या फळीत आहे. तसं असलं तर अजून इतर दारं ठोठावायला वेळ असतो.

आयव्हीत पुढची पायरी 'लाइकली लेटर'ची. पूर्ण अर्ज भरलेल्या खेळाडूला 1 ऑक्टोबरनंतर प्रवेश कार्यालय पत्र पाठवू शकतं, की गुण असेच राहिले आणि वर्तन चांगलं राहिलं तर प्रवेश मिळेल. हे पत्र कोचचं नसतं, प्रवेश कार्यालयाचं असतं, म्हणूनच त्याला किंमत आहे. त्याच्या बदल्यात कोच लवकरच्या फेरीत अर्ज करायला सांगतो, ज्याची मुदत साधारण 1 नोव्हेंबरला असते. कोलंबिया, ब्राउन, पेन, कॉर्नेल, डार्टमथ यांची ही फेरी बंधनकारक आहे: मिळालं तर जायचंच. मग पैशांचं बोलणं त्याआधी व्हायला हवं. विद्यापीठाकडून मदतीचा अंदाज आधी मागता येतो आणि तो मागायला संकोच करू नये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि डार्टमथ परदेशी विद्यार्थ्यांच्याही बाबतीत कुटुंबाची ऐपत न पाहता प्रवेश ठरवतात आणि नंतर गरजेप्रमाणे मदत देतात. या मदतीचा खेळाशी संबंध नसल्यामुळे दुखापतीनं खेळ सुटला किंवा मुलानं संघ सोडला, तरी ना प्रवेश जातो ना मदत. शिष्यवृत्ती देणाऱ्या विद्यापीठात तसं असेलच असं नाही. करारातल्या अटी वाचूनच सही करावी.

अलीकडचे बदल परदेशी मुलांना थोडे जाचक आहेत. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन समझोत्यानं विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली, आणि ज्यांनी तो स्वीकारला त्यांच्या संघांच्या आकारावर मर्यादा आली. दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेऊन येणारे अनुभवी खेळाडूही कोचना हवेसे वाटू लागले आहेत, त्यामुळे शाळेतून थेट येणाऱ्यांच्या जागा आक्रसल्या. आयव्ही लीग या समझोत्यापासून बाजूला राहिली. जाहिरातींतून पैसे मिळवण्याचा जो नवा हक्क अमेरिकी खेळाडूंना मिळाला, तो विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला तसाच्या तसा वापरता येत नाही. त्या मोहात व्हिसा धोक्यात घालू नये. संघच बंद होण्याची शक्यताही गृहीत धरावी: जुलै 2020 मध्ये स्टॅनफर्डनं 11 खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, त्यात स्क्वॉश आणि तलवारबाजीही होती. पुढच्या मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला गेला, पण मधले दहा महिने त्या मुलांनी कसे काढले असतील, याचा विचार करावा. खेळ काढून टाकला तरी जिथे शिकायला आवडेल, तिथेच जावं.

सल्लागारांबद्दलही सांगितलं पाहिजे. मार्च 2019 मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या घोटाळ्यात रिक सिंगर नावाचा माणूस श्रीमंतांच्या मुलांना न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून आत घुसवत होता. बनावट फोटो, बनावट कामगिरी, आणि पैसे घेऊन त्यांची नावं आपल्या यादीत घालणारे कोच. येलच्या महिला फुटबॉल संघाच्या कोचनं गुन्हा कबूल केला, सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, काही पालक तुरुंगात गेले. कोचच्या यादीत किती ताकद आहे, हे त्या घोटाळ्यानंच जगाला दाखवलं. त्यानंतर विद्यापीठं खेळाडूंची माहिती दुसऱ्यांदा तपासू लागली आहेत. तेव्हा "राज्य पातळी" हे "राष्ट्रीय पातळी" करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. शिष्यवृत्ती मिळवून दिली तर तिच्यातला इतका वाटा माझा, असं म्हणणाऱ्यालाही. अशा कराराने एनसीएएच्या नियमांप्रमाणे मुलाची पात्रताच धोक्यात येते. ठरावीक फी घेऊन कागदपत्रं आणि वेळापत्रक सांभाळणारा माणूस चालेल. पण वर सांगितलेलं बहुतेक काम घरी बसून होतं.

न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांसाठी चित्र थोडं निराळं आहे. तिथे सातव्या-आठव्या वर्षी मुलाला तलवारबाजीला घालताना "पुढे कॉलेजला उपयोग होईल" असं उघड बोललं जातं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या 2023 च्या अभ्यासात दिसलं, की सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतून या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी आठात एक भरती केलेला खेळाडू होता. खालच्या साठ टक्के कुटुंबांत वीसात एक. क्लबची फी, खासगी शिकवणी, दर शनिवार-रविवारचा विमानप्रवास ज्यांना परवडतो त्यांनाच ही वाट सोपी जाते. ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, आणि ती आहे तशी समजावून सांगताना हे लपवावंसंही वाटत नाही. पण मुलाच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. प्रवेश मिळाल्यावर चार वर्षं आठवड्याचे वीस-वीस तास सराव, बसमधून सामन्यांना जाणं आणि परतताना अभ्यास, हे त्याला करायचं आहे. ज्याला खेळ मनापासून आवडत नाही, तो पहिल्या हिवाळ्यातच मोडतो. दहावीनंतरच्या सुट्टीत एकदा मुलाला एकट्याला बसवून विचारावं, कॉलेजचा विषय न काढता: "कुणी बघत नसेल तरी खेळशील का?" आणि उत्तर जे येईल ते मान्य करावं.

ज्यांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही, त्यांनी अर्जातून खेळ पुसून टाकू नये. कॉमन ॲप या सामाईक प्रवेश अर्जात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकीला वर्णनासाठी 150 अक्षरं, आणि आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे तेही विचारतात. तिथे नुसतं "जिल्हा विजेता" लिहिलं तर अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आपला एखादा जिल्हा लोकसंख्येनं त्यांच्या काही राज्यांहून मोठा आहे हे त्याला माहीत नसतं. किती संघ होते, किती फेऱ्या झाल्या, तुम्ही कोणत्या जागेवर खेळलात ते लिहावं. खो-खो खेळत असाल तर तो खेळ काय आहे ते पाच-सहा शब्दांत सांगावं. लहान मुलांना शिकवत असाल, मैदान आखत असाल, सामन्यांचे गुण लिहीत असाल, तर तेही लिहावं. प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोचला भेटून निवडचाचणी देता येते का, हे विचारता येतं; न बोलावता आलेल्या अशा खेळाडूंना तिथे 'वॉक-ऑन' म्हणतात. रोइंगच्या संघांत तर आधी कधीच वल्हं न धरलेली उंच, चिवट मुलंही घेतात.